दोन लाख किलोमीटरनंतरचा टर्बो

टर्बोचार्जर म्हणजे एकाच दांड्यावर बसवलेली दोन पंखाचक्रे. एक चक्र सायलेन्सरकडे निघालेल्या तप्त वायूने फिरते आणि दुसरे, त्याच वेगाने, बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते. हवा जास्त गेली की इंधन जास्त जाळता येते, आणि तेवढ्याच सीसीच्या इंजिनातून जास्त ताकद निघते. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. मोटारीत ती आली १९६२मध्ये, अमेरिकेतल्या ओल्ड्समोबाइल जेटफायर आणि शेव्हरोले कॉर्व्हेअर या गाड्यांतून. जेटफायरच्या इंजिनाचे कॉम्प्रेशन मुळातच जास्त होते. ठोका (नॉकिंग) बसू नये म्हणून त्यात पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण सोडावे लागे. त्याची टाकी मालकांनी वेळेवर भरायची होती. पुष्कळांनी ती भरली नाही, आणि पुढे कंपनीनेच अनेक गाड्यांचे टर्बो काढून साधे कार्ब्युरेटर बसवून दिले. हे कंपनीच्या नव्याकोऱ्या इंजिनाचे झाले. बाहेरून आणलेला टर्बो दोन लाख किलोमीटर चाललेल्या इंजिनाला लावायचा, तर काम आणखी नाजूक होते.

सुरतेत ही मागणी शर्यतीच्या हौसेपेक्षा घाटातून जास्त येते. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली हजारो कुटुंबे राहतात. दिवाळीला आणि लग्नसराईत त्यांच्या गाड्या बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर करत धुळ्याकडे निघतात. हजार-बाराशे सीसीची जुनी पेट्रोल गाडी, आत पाच माणसे, डिकीत सामान, एसी चालू. सोनगडपर्यंत काही जाणवत नाही. विसरवाडी सोडून कोंडाईबारीचा घाट लागला की दुसऱ्या गिअरवर यावे लागते, ट्रकच्या मागे रांगावे लागते, आणि परतल्यावर गॅरेजमध्ये विचारणा होते: ‘पिकअपसाठी टर्बो बसेल का?’

या प्रश्नाला लगेच हो म्हणणारा कारागीर टाळावा. पिकअप गेलेल्या जुन्या गाडीत पुष्कळदा टर्बोची उणीव नसतेच. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चोंदलेला असतो, क्लच घसरत असतो, टायमिंग चेन ताणलेली असते, इंधनपंपाचा दाब उतरलेला असतो. ही दुखणी दुरुस्त केली की गेलेली ताकद परत येते आणि पुढचा खर्च वाचतो. ती न काढता टर्बो लावला तर दुखणी तशीच राहतात आणि त्यांवर जादा दाब चढतो.

म्हणून पाना लावण्याआधी तपासणी. किलोमीटरच्या आकड्यावर फार विसंबू नये. मीटर मागे फिरवता येतो, बोअरची झीज मागे फिरत नाही. पहिली चाचणी कॉम्प्रेशनची. इंजिन गरम करून, सगळे प्लग काढून, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टरने फिरवायचे. चांगल्या पेट्रोल इंजिनात सिलिंडरमागे साधारण १५० ते १८० पीएसआय दाब दिसतो. सगळेच सिलिंडर थोडे उतरलेले असले तर एकवेळ चालते, पण त्यांच्यात दहा टक्क्यांहून जास्त फरक असला तर थांबावे. कमी दाखवणाऱ्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजतात. दाब वाढला तर रिंगा गेल्या. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. त्याहून बोलकी चाचणी गळतीची. सिलिंडरमध्ये कॉम्प्रेसरची हवा भरायची आणि ती कुठून निघते ते कान लावून ऐकायचे. ऑइल भरायच्या तोंडातून फुसफुस आली तर रिंगा, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे उठले तर गॅस्केट. गळती दहा टक्क्यांच्या आत असलेले इंजिन टर्बोच्या लायकीचे. वीसच्या वर गेलेले आधी उघडून बांधून घ्यायचे.

गॅरेजांतून एक समज वारंवार ऐकू येतो: जुन्या इंजिनाचे कॉम्प्रेशन आधीच उतरलेले असते, म्हणजे ते टर्बोला उलट बरेच. हा समज चुकीचा आहे. कॉम्प्रेशनचे गुणोत्तर पिस्टन आणि हेडच्या घडणीवर ठरते. झिजलेल्या रिंगांमुळे ते कमी होत नाही, फक्त गळती होते. टर्बोने दाब वाढवला की तीच गळती वाढून खालच्या ऑइल चेंबरमध्ये उतरते, तिथून ऑइलची वाफ ब्रीदरवाटे पुन्हा हवेच्या नळीत येते, आणि ऑइलमिश्रित हवेमुळे इंधनाचा ऑक्टेन घटून ठोका लवकर सुरू होतो.

तिसरी तपासणी ऑइलच्या दाबाची, आणि नेमकी हीच सर्रास वगळली जाते. डॅशबोर्डवरचा दिवा दाब जवळजवळ संपल्यावरच लागतो. त्याचा स्विच काढून तिथे गेज लावावे आणि गाडी तासभर चालवून गरम झाल्यावर वाचावे. दर हजार आरपीएममागे दहा पीएसआय हा जुना ठोकताळा अजून उपयोगी आहे. बेअरिंगे सैल झालेल्या इंजिनात गरम आयडलवर काटा तळाला जातो, आणि टर्बो तर याच ऑइलमध्ये वाटेकरी होणार असतो.

ऑइलच्या वाटा हा या कामाचा गाभा आहे. लहान टर्बोचा दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. हा थर क्षणभर तुटला तरी बेअरिंग जाते. आत जाणारी नळी बारीक चालते, कारण तिथे दाब असतो. परतीच्या नळीत दाब नसतो. ऑइल फक्त उतारावर वाहते. ती नळी जाड हवी, वाटेत कुठे वर चढता कामा नये, आणि चेंबरमध्ये ऑइलच्या पातळीच्या वर उघडली पाहिजे. परत जायला अडथळा झाला की ऑइल टर्बोच्या सीलमधून बाहेर पडते, सायलेन्सर निळा धूर ओकतो, आणि दोष येतो टर्बोवर. परतीचे भोक पाडण्यासाठी चेंबर खाली उतरवावाच लागतो. गाडीवरच ड्रिल मारणारे ग्रीस लावून किस धरतात म्हणे, पण एखादा कण सुटतोच, आणि तो पहिल्यांदा भेटतो ऑइल पंपाला.

फ्लँज, अडॅप्टर, नळ्यांची टोके यांसाठी सुरतेत दूर जावे लागत नाही. उधन्याच्या उद्योगनगरात यंत्रमागांचे भाग घडवणारे टर्नर आहेत. नमुना दिला की ते सफाईने फ्लँज काढतात. अडचण येते ती मॅनिफोल्डची. पेट्रोल इंजिनाचा धूर ९०० अंशांपर्यंत तापतो, आणि साध्या पाइपाचा वेल्ड तापण्या-निवण्याच्या फेऱ्यांत तडकतो. जाड भिंतीच्या स्टीलचा आखूड, बोजड दिसणारा मॅनिफोल्ड अशा गाडीत जास्त टिकतो. टर्बोचे वजन मॅनिफोल्डवर टांगते ठेवू नये, ब्रॅकेट द्यावा. जुन्या हेडचे स्टड गंजून बसलेले असतात. ते तापवून, थांबून, पुन्हा तापवून सोडवावे लागतात. घाईत एक तुटला की हेड उतरवण्याचे काम वाढते.

टर्बो स्वतः बहुतेक वेळा भंगारातल्या किंवा अपघाती गाडीतून येतो. दांडा बोटांत धरून हलवला तर आडवा किंचित हलणे साहजिक आहे, कारण ऑइलची जागा रिकामी असते. पुढे-मागे हललेला मात्र हाताला जाणवता कामा नये. पंखाच्या कडा घराला घासल्याच्या खुणा असतील तर तो तिथेच ठेवून यावे. हजार-बाराशे सीसीच्या इंजिनाला लहान टर्बोच हवा. मोठा स्वस्तात मिळतो म्हणून लावला तर घाटात, जिथे आरपीएम कमी असतो, तो जागाच होत नाही.

मग दाब किती? पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि गॅस्केट मूळचेच ठेवायचे असतील तर ०.३ ते ०.४ बार, म्हणजे साडेचार ते सहा पीएसआय, याच्या वर जाऊ नये. आकड्यात हे थोडे वाटते. सुरतेच्या उन्हाळ्यात ४० अंशांची हवा ०.४ बारने दाबली की टर्बोतून ती ८५-९० अंशांवर बाहेर पडते. तापलेली हवा विरळ होते, त्यामुळे प्रत्यक्षात वीस टक्क्यांच्या आसपासच जास्त हवा आत जाते. मध्ये इंटरकूलर लावून ती ५५ अंशांवर आणली तर हाच लाभ ३० टक्क्यांच्या पुढे जातो, आणि ठोक्याचा धोकाही उतरतो. इंटरकूलरचा खर्च वाचवून दाब वाढवणे हा उलटा हिशेब आहे. इंटरकूलर रेडिएटरसमोर बसतो, म्हणून जुना, अर्धा चोंदलेला रेडिएटर त्याच वेळी बदलावा. हवेचे फिल्टर थंड हवेसाठी बंपरच्या खाली नेण्याची फॅशन या शहरात अंगाशी येते. पावसाळ्यात लिंबायतची मिठी खाडी फुगली की रस्त्यावर गुडघाभर पाणी असते, आणि खाली बसवलेले फिल्टर ते थेट सिलिंडरमध्ये ओढते.

हवा वाढली की पेट्रोल वाढलेच पाहिजे. मूळ इंजेक्टर आणि पंप बहुधा पुरत नाहीत. मूळ मॅप सेन्सर वातावरणाच्या दाबापलीकडे वाचत नाही. तोही बदलून ईसीयू नव्याने ट्यून करावा लागतो. दाबाखाली हवा-पेट्रोलचे प्रमाण साडेअकरा-बाराला एक ठेवतात, आणि ते पाहण्यासाठी वाइडबँड सेन्सर लागतो. गाडीचा मूळ ऑक्सिजन सेन्सर १४.७च्या अलीकडे-पलीकडे एवढेच सांगतो. स्पार्क पीएसआयमागे सुमारे एक अंश मागे घ्यावा, प्लग एका श्रेणीने थंड घालावेत आणि त्यांची फट कमी करावी. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. इथेनॉलचा ऑक्टेन जास्त असल्याने ठोक्याला ते बरे, पण तेवढ्याच हवेला ते जास्त लागते आणि जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्यांना सोसत नाही. ट्यूनिंग करण्यापूर्वी नळ्या बदललेल्या बऱ्या.

सुरत सीएनजीचे जुने शहर, म्हणून पुढचा प्रश्न ठरलेला. सीएनजीला ठोका सहज बसत नाही, त्या दृष्टीने तो टर्बोला अनुकूल इंधन आहे. पण किटचा रिड्यूसर आणि इंजेक्टर टर्बो नसलेल्या इंजिनाच्या मापाचे असतात. दाबाखाली गॅस कमी पडला तर मिश्रण पातळ होऊन एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतात. दोन्ही हवे असेल तर टर्बोचा दाब पेट्रोलवरच येईल अशी व्यवस्था करणे शहाणपणाचे.

डिझेलची गोष्ट सोपी आहे. पुण्यात घडलेल्या टाटा इंडिकाचे १४०५ सीसीचे डिझेल इंजिन आधी टर्बोविना आले आणि पुढे टर्बोसहही आले. त्यामुळे जुन्या इंडिकाला जोडायचे भाग त्याच घराण्यातून मिळतात. डिझेलमध्ये पेट्रोलसारखा ठोक्याचा प्रश्न नाही, पण पंपाचे डिझेल वाढवण्याचा मोह आवरावा लागतो. काळा धूर म्हणजे न जळलेले डिझेल, आणि त्याबरोबर चढणारे तापमान पिस्टन वितळवते.

कायद्याची बाजू कडक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये हेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठरली. सीएनजी किटची नोंद आरसीवर करून घेण्याची वाट कायद्यात आहे. बाहेरून लावलेल्या टर्बोला तशी सरळ वाट नाही. विम्याचा दावाही न कळवलेल्या बदलावर अडतो. शेतातल्या किंवा बंदिस्त ट्रॅकवरच्या गाडीची गोष्ट निराळी. कोंडाईबारी ज्याला रोज नाही, वर्षातून दोनदा चढायची आहे, त्याने कंपनीचाच टर्बो असलेली जुनी गाडी घेणे स्वस्त पडते, हे कारागिराने आधीच सांगून टाकावे.

तरीही काम झालेच, तर पहिले ऑइल पाचशे किलोमीटरवर काढून फिल्टर कापून पाहतात. त्यात चमकणारा कण दिसला तर बेअरिंग बोलू लागले आहे. मॅनिफोल्डचे नट दोन-चार वेळा तापून निवल्यावर पुन्हा कसतात. पुढे सिंथेटिक ऑइल दर पाच हजारांवर बदलतात. घाट चढून आल्यावर गाडी मिनिटभर आयडलवर ठेवून मगच बंद करतात, नाहीतर तापलेल्या बेअरिंगवर ऑइल जळून त्याची कोळशी होते आणि बारीक नळी बुजते. क्लच नव्या ताकदीला किती पुरतो, ते दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात कळते.