कॉटरीचा वास

सत्तर-ऐंशीच्या दशकात जिल्ह्याच्या गावी ओटीत काम केलेल्या कुठल्याही सिस्टरला जुन्या आठवणी विचारा, ती आधी वास सांगेल. ऑटोक्लेव्हमधून आलेला ड्रम उघडला की येणारा गरम, दमट कापडाचा वास. चीटल फोर्सेप ज्यात उभा असायचा त्या बरणीतल्या सॅव्हलॉनचा. कॅटगटची काचेची नळी फडक्यात धरून मोडली की नाकात शिरणाऱ्या स्पिरिटचा. आणि या सगळ्यांवर ताण म्हणजे ईथर. ते साडीत उतरायचं, केसांत उतरायचं. मी घरी पोचले की सासूबाई न बघताच म्हणायच्या, "आला गं बाई दवाखाना."

त्या ओटीची मला अजून आठवण येते, हे आधीच सांगून टाकते. हातमोजे तेव्हा वापरून फेकायचे नसत. दुपारची लिस्ट संपली की मावशी मोजे धुऊन दोरीवर वाळत घालायच्या. मग आम्ही एकेक मोजा हवा भरून फुगवायचा, गालाजवळ नेऊन कुठून वारा लागतो का बघायचं. भोक असेल तो ड्रेसिंगला, धड असेल तो पावडर लावून, साडेसहा, सात, साडेसात अशा जोड्या लावून ड्रममध्ये. गप्पा मारत मारत हे चालायचं आणि वयाने मोठ्या सिस्टर त्यातूनच आम्हाला शिकवायच्या. कुठल्या सरांना कात्री कशी हातात द्यायची, कुठले सर रागावले की खरे घाबरलेले असतात, हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. आज पाकीट फाडलं की मोजा तयार. वेळ वाचला, जंतुसंसर्गाची धास्ती कमी झाली. गप्पा मात्र गेल्या.

तर त्या ईथरच्या दिवसांत आमच्या टेबलावर धूर नव्हता. ईथर भडका घेतं. पेशंटच्या नाकातोंडाशी ईथर चालू असताना जवळ ठिणगी पाडायची कुणाची छाती नव्हती. त्यामुळे रक्तवाहिनी तुटली की आर्टरी फोर्सेप लावायचा आणि दोऱ्याने बांधायची. मी ट्रॉलीवर लिननच्या दोऱ्याचे तुकडे कापून ओल्या कापडात ओळीने लावून ठेवायची. "टाय, टाय, टाय" असं सरांचं चाललेलं असायचं. वेळ लागायचा, रक्त जायचं, पण हवेत ईथरशिवाय दुसरं काही नसायचं. अर्थात ते तरी काय कमी होतं? पेशंटने सोडलेलं निम्मं आमच्याच वाट्याला. चार वाजेपर्यंत सगळ्यांचीच डोकी जड.

मग भुलीसाठी ईथरच्या जागी हॅलोथेन आलं. जगात ते १९५६ पासून वापरात होतं, आमच्यापर्यंत पोचायला बराच काळ गेला. ते पेट घेत नाही. तेवढ्या एका गुणावर आमच्या ओटीत कॉटरीचं मशिन आलं. विजेच्या या उपकरणाचा इतिहास तसा जुना. बोव्ही नावाच्या शास्त्रज्ञाने बनवलेलं मशिन हार्वे कुशिंग या मेंदूच्या सर्जनने बोस्टनमध्ये १९२६ च्या ऑक्टोबरात पहिल्यांदा वापरलं. आमच्याकडे आलं ते कपाटाएवढं धूड होतं. पेशंटच्या मांडीखाली शिशाची पट्टी, ती सलाइनने भिजवलेल्या कापडात गुंडाळायची. पायाचं पेडल हमखास टेबलाखाली सरकायचं. सर बुटाने चाचपडत ओरडायचे, "पेडल कुठंय?" आणि वॉर्डबॉय मामा टेबलाखाली वाकून त्यांच्या पायाखाली ते पुन्हा सरकवायचे. त्या मशिनचं आम्हाला कोण कौतुक! टोक टेकवलं, चर्र आवाज झाला, रक्त थांबलं. लिननच्या दोऱ्याचं रीळ हळूहळू कपाटात मागे गेलं.

आणि धूर सुरू झाला.

ज्याने तो जवळून बघितला नाही त्याच्यासाठी सांगते. वरच्या मोठ्या दिव्याच्या झोतात निळसर रेघ सरळ वर येते, ती थेट टेबलावर वाकलेल्या तोंडांकडे. सर्जन मधूनमधून मान मागे घेऊ शकतात. रिट्रॅक्टर धरून उभा असलेला ज्युनिअर आणि शेजारची स्क्रब सिस्टर हलू शकत नाहीत. स्तनाच्या मोठ्या ऑपरेशनला चरबी जळते, तो वास आणखी वेगळा, तेलकट. कॉटरीच्या टोकावर काळी खपली बसायची, ती मी ब्लेडच्या मागच्या बाजूने खरवडून ओल्या गॉजला पुसायची आणि पेन्सिल परत सरांच्या हातात द्यायची. घसा खवखवायचा, डोळ्यांतून पाणी यायचं, त्याचं खापर एसीवर फुटायचं. नव्या मुलीला मळमळलं की मोठ्या सिस्टरांचं उत्तर ठरलेलं, "होईल सवय."

खरंच होते सवय. हेच त्यातलं वाईट.

तोंडाला मास्क होता ना, असं कुणी म्हणेल. होता, चार पदरी, सुती, मागे नाड्यांनी बांधायचा. पण तो आमच्या शिंकेपासून पेशंटला वाचवायला होता. सगळी ओटीच तशी होती. शनिवारी धुऊन-पुसून खिडक्या-दारं चिकटपट्टीने बंद करायची आणि फॉर्मलिनची धुरी द्यायची, तीही पेशंटसाठी. दुसऱ्या दिवशी पहिलं दार उघडायला जाणारी मावशी पदर नाकाला लावून, डोळे मिटून आत धावायची. फॉर्मलिनमधल्या त्या फॉर्माल्डिहाइडने माणसाला कर्करोग होतो, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्ये दिला. मावशी तोवर कधीच निवृत्त झाल्या होत्या.

कॉटरीच्या धुराचंही तसंच. माहिती होती, आमच्या ओटीच्या दारापर्यंत आली नव्हती. जपानमध्ये १९८१ सालीच तपासणी झाली होती. एक ग्रॅम ऊतक कॉटरीने जाळलं तर त्या धुराची पेशींत बिघाड घडवण्याची ताकद सहा सिगारेटींच्या धुराएवढी, लेझरने जाळलं तर तीन सिगारेटींएवढी, असा तो हिशेब. त्या धुरात बहुतेक पाण्याची वाफच असते. उरलेल्या थोडक्या भागात बेंझीन, हायड्रोजन सायनाइड, कार्बन मोनॉक्साइड आणि पुन्हा आमचं जुनं फॉर्माल्डिहाइड. चामखिळी लेझरने जाळताना निघालेल्या धुरात त्या विषाणूचा डीएनए सापडल्याचं १९८८ मध्ये छापून आलं. १९९१ मध्ये नॉर्वेतल्या एका लेझर सर्जनच्या स्वरयंत्रावरच तसल्या गाठी आल्याची नोंद झाली. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेने, म्हणजे नायॉशने, १९९६ मध्ये लेखी इशारा दिला. कॉटरीच्या धुराचे कण सरासरी ०.०७ मायक्रॉनचे. साधा सर्जिकल मास्क साधारण पाच मायक्रॉनच्या वरचं अडवतो. म्हणजे आमचे चार पदर त्या धुराला उघडं दारच होतं.

आता माझी भाची एका मोठ्या शहरातल्या ओटीत सिस्टर आहे. तिच्या फोटोंत सगळं चकचकीत. लॅमिनार फ्लो, एलईडीचे दिवे, भिंतीवर पडदे. आमच्या वेळी कॉटरी फक्त रक्त थांबवायला लागायची. आता कातडीखालच्या पहिल्या थरापासून शेवटपर्यंत तिनेच कापतात. त्यामुळे मी जन्मात घेतला नसेल एवढा धूर ती काही वर्षांत घेते. जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांनी आणि नवं ते सुरक्षित म्हणणाऱ्यांनी, दोघांनीही इथे जरा थांबावं.

दुर्बिणीच्या ऑपरेशनांची गोष्ट तर गमतीदार. १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. उदवाडिया यांनी भारतातलं पहिलं दुर्बिणीतून पित्ताशयाचं ऑपरेशन केलं, आणि पुढे तालुक्यापर्यंत ते तंत्र पोचलं. त्यात धूर पोटात कोंडतो, पडद्यावर धुकं येतं. मग कुणीतरी पोर्टची तोटी उघडतं आणि सगळा धूर फुस्सकन जवळ उभ्या असलेल्यांच्या तोंडावर. कॅमेऱ्याला दिसायला हवं ना! २०२० मध्ये करोना आला तेव्हा हीच तोटी उघडताना सगळ्यांचे हात थबकले. फिल्टर आले, एन-९५ आले, "पोटातला वायू फिल्टरमधूनच सोडा" अशी परिपत्रकं आली. धूर तोच होता, भीती नवी होती. भीती ओसरली तशी कित्येक ठिकाणी फिल्टरची मागणीही ओसरली.

उपाय काही चंद्रावरून आणायचे नाहीत. धूर ओढणाऱ्या मशिनची नळी कॉटरीच्या पेन्सिललाच जोडलेली मिळते. आतला फिल्टर ०.१२ मायक्रॉनचे कणसुद्धा जवळजवळ सगळे अडवतो. मोठं मशिन परवडत नसेल तर थोड्या धुरासाठी भिंतीवरच्या सक्शनला मध्ये फिल्टर लावून नळी जखमेपासून दोन इंचांच्या आत धरायची. दोन इंच म्हणजे दोनच. हातभर लांबून धरलेली नळी नुसती आवाज करते. अमेरिकेत ऱ्होड आयलंड राज्याने २०१८ मध्ये ओटीतला धूर ओढून घेणं कायद्यानेच सक्तीचं केलं, मग इतर राज्यं आली. त्यामागे वर्षानुवर्षं भांडल्या त्या ओटीतल्या नर्सेस. भाचीच्या ओटीत मशिन आहे. ते कोपऱ्यात आहे, वर हिरवं कापड घातलेलं. "सर म्हणतात आवाजाने लक्ष विचलित होतं," ती सांगते. त्याच ओटीत ब्लूटूथवर गाणी लागतात.

मला यात रबरी हातमोज्यांची गोष्ट आठवते. १८८९-९० च्या सुमाराला अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात कॅरोलिन हॅम्पटन नावाच्या ओटी नर्सचे हात जंतुनाशकाने सोलवटून निघाले. सर्जन हॉलस्टेड यांनी गुडइयर कंपनीकडून तिच्यासाठी पातळ रबरी मोजे बनवून घेतले. पुढे त्यांनी तिच्याशी लग्नही केलं, तो भाग सोडून द्या. मोज्यांनी पेशंटचाही जंतुसंसर्ग कमी होतो हे नंतर लक्षात आलं. एका नर्सच्या हातांची काळजी कुणीतरी घेतली, म्हणून आज जगभर प्रत्येक सर्जनच्या हातात मोजा आहे.

तेव्हा नर्सिंग होम चालवणाऱ्या डॉक्टरांना माझी विनंती एवढीच. नवं कॉटरी मशिन घ्याल तेव्हा कोटेशनमध्ये धूर ओढणारी पेन्सिल आणि वर्षभराचे फिल्टर आधीच धरा. मशिन आलं की ते कुठे ठेवायचं आणि कधी चालू करायचं, हे तुमच्या स्क्रब सिस्टरला ठरवू द्या. धूर पहिल्यांदा तिच्या नाकात जातो.