पाइपांच्या गांवीं

फ्रान्सच्या पूर्वेस, स्वित्झर्लंडच्या सरहद्दीला लागून, जुरा नांवाची डोंगरांची रांग आहे. तिच्या एका खोल घळींत, बिएन व ताकों या दोन नद्यांच्या संगमावर, सँ-क्लोद हें गांव वसलेलें आहे. यूरोपच्या प्रवासास जाणारी आमची मंडळी पॅरिस पाहून जी निघते ती थेट जिनीव्हा गांठते. या आडगांवीं सहसा कोणी उतरत नाहीं. आम्हीही उतरलों नसतों. परंतु निघतेवेळीं थोरल्या काकूंनीं रुमालांत गुंडाळून एक जुना पाइप आमच्या हातीं ठेविला होता, आणि त्याच्या दांडीवर या गांवाचें नांव उमटविलेलें होतें.

हा पाइप थोरल्या काकांचा. चाळीस वर्षें त्यांनीं तो ओढला. पण माडीवरच्या गॅलरींतून तो कधीं जिना उतरून खालीं आला नाहीं, इतका आमच्या आजीच्या सोंवळ्याचा दरारा होता. पुढें जिभेच्या कर्करोगानें काका गेले. काकूंनीं मात्र पाइप टाकून दिला नाहीं. दर शनिवारीं कपाट आवरतांना त्या तो पुसून ठेवितात. त्याच्या वाटीला एक चीर आहे, आणि ती दर पावसाळ्यांत थोडथोडी लांबते. "तूं तिकडे जातोच आहेस, तर ती चीर वाढूं नये एवढें बघून ये," असें त्या म्हणाल्या. यावर काय बोलावें तें आम्हांस सुचेना. आम्हीं पाइप मुकाट्यानें ट्रंकेंत ठेविला.

दोल शहराहून सँ-क्लोदला जाणारा आगगाडीचा रस्ता बोगद्यांचा व उंच कमानींच्या पुलांचा आहे. मोरे नांवाच्या स्टेशनावर (वाचकांनीं चकित होऊं नये, नांव फ्रेंचच आहे) गाडी तोंड फिरवून उलट दिशेनें निघते. जुन्या बोरघाटांतही असेंच करावें लागे, याची आम्हांस आठवण झाली. सँ-क्लोदच्या स्टेशनावर काकांचा नातू आम्हांस घ्यावयास आला होता. तो ल्यों येथें शिकावयास आहे व फ्रेंच चांगलें बोलतो; दुभाष्याचें काम आम्हीं त्याजकडेच सोंपविलें होतें.

गांवाचा मूळ धंदा लांकूड कातण्याचा. येथील मठ पांचव्या शतकांतला. संत क्लोदच्या देहाचें दर्शन घेण्यासाठीं शतकानुशतकें यात्रेकरू येत, आणि पंढरपुरास जशा तुळशीच्या माळा मिळतात तशा येथें लांकडी जपमाळा व मूर्ति विकत मिळत. राज्यक्रांतीच्या धामधुमींत, १७९४ सालीं, तो देह जाळण्यांत आला. १७९९ च्या आगींत बहुतेक गांवच भस्म झालें. यात्रा ओसरली, पण कातारी राहिले, आणि त्यांचा हात पाइपांकडे वळला. साध्या लांकडाचा पाइप लवकर जळतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ब्रुयेर त्यांच्या हातीं आलें, आणि गांवाचें भाग्य उघडलें. कॉर्सिका, सार्डिनिया, कालाब्रिया अशा भूमध्यसमुद्राकांठच्या मुलखांत एक झुडूप वाढतें. त्याच्या बुंध्याशीं, मातींत, जी गांठ धरते तिचें हें लांकूड. तें अत्यंत घट्ट असून विस्तवास सहसा दाद देत नाहीं. गांठींचे तुकडे कापून ते कित्येक तास पाण्यांत उकळतात, आणि मग महिनेच्या महिने वाळवितात. तेव्हां कोठें त्यांतून पाइप निघतो. एके काळीं या कामांत हजारों माणसें होतीं. आतां कारखाने बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत, आणि गतवैभव पाहावयाचें तर देवळाजवळच्या पाइपांच्या व हिऱ्यांच्या संग्रहालयांत जावें लागतें.

आम्ही ज्या कारागिराकडे गेलों ते सत्तरीच्या घरांतले होते. आमचा पाइप हातीं घेण्यापूर्वींच त्यांनीं, आम्ही गिऱ्हाईक आहों असें समजून, नवे पाइप मांडून समजावयास आरंभ केला. पाइप प्रथम तळहातावर तोलावा. आकारमानाच्या मानानें हलका असेल तो चांगला. वाटीची भिंत सर्वत्र सारखी जाड असावी. नळींतून एक तार सारून पाहावी. ती न अडतां वाटीच्या अगदीं तळाशीं, मध्यभागीं निघाली पाहिजे, नाहींतर तळाची तंबाखू ओली राहते. वर उभ्या ज्वाळांसारख्या रेषा असल्या कीं किंमत चढते. पण ती रूपाची किंमत, धुराची नव्हे. लांकडांत लहान खळगे असतात. ते लुकणानें बुजवून वर जाड रोगण दिलेला पाइप त्यांनीं दोन बोटांनीं बाजूला सारला. हें सर्व चालू असतां नातवानें एक पाइप उचलला, तोलला, आणि नळी वाटीपासून फिरवून सोडविली. ज्या सफाईनें त्यानें हें केलें त्यावरून आम्हांस जें समजावयाचें तें समजलें. त्यानेंही आमच्याकडे पाहिलें व पाइप खालीं ठेविला.

पाइपचा धूर छातींत घेत नाहींत, म्हणून तो निरुपद्रवी, अशी समजूत आमच्या घरांतही होती. पाइप ओढणाऱ्यांच्या ओठांस होणारा कर्करोग १७९५ सालींच सोमरिंग नामक जर्मन वैद्याच्या नजरेस आला होता. असो.

मग काकांचा पाइप पुढें आला. वृद्ध गृहस्थांनीं तो उजेडांत धरून वाटींत पाहिलें, आणि त्यांचा चेहरा उतरला. आंत काजळीचा थर इतका जाड होता कीं करंगळीही धड शिरेना. थोडा थर हवाच, तो लांकडाला जपतो. म्हणून नवा पाइप प्रथम अर्धाच भरून ओढतात. परंतु तो नाण्याच्या जाडीहून अधिक झाला तर खरवडून काढावा. तापला कीं थर लांकडाहून अधिक फुगतो, आणि वाटी तडकते. काकांनीं तो कधींच खरवडला नव्हता. उलट, "हा माझा चाळीस वर्षांचा थर," असें ते अभिमानानें सांगत. शिवाय एकच पाइप रोज ओढला. पाइपला एका दिवसाची विश्रांति द्यावी, तो वाळूं द्यावा, हें त्यांना कोणीं सांगितलें असतें तरी पटलें नसतें.

नळी मात्र अजून काळीभोर होती. ही नळी गंधक घालून कठीण केलेल्या रबराची असते व उन्हांत हिरवट पडते. ती अंधाऱ्या कपाटांत राहिली याबद्दल काकूंची तारीफ झाली. नंतर त्यांनीं लांकडाचा वास घेतला व हें कसलें तेल म्हणून विचारलें. खोबरेल, असें सांगतांच ते हंसले. कोरडें फडकें पुरे, म्हणाले.

चीर लांकडाच्या भुकटीनें व सरसानें बुजवितां येईल. पुन्हां ओढला तर मात्र ती उघडेल, असा त्यांनीं निर्वाळा दिला. जातां जातां नळीवरचे दांतांचे वळही घासून नाहींसे करून देऊं, म्हणाले. तें ऐकून आम्ही थबकलों. नातवानें तेथूनच काकूंना टेलिफोन लावला. क्षणभर पलीकडून कांहीं ऐकूं आलें नाहीं. मग काकू म्हणाल्या, "ते राहूं देत. चीर थांबली कीं झालें."

काम व्हावयास तीन तास लागले. संध्याकाळीं स्टेशनाकडे जातांना नातवानें विचारलें, आजोबांचें दुखणें किती दिवस चाललें. तो तेव्हां जन्मलाही नव्हता. चौदा महिने, असें आम्हीं सांगितलें, आणि शेवटचे सहा महिने त्यांना बोलतां येत नव्हतें हेंही सांगितलें. गाडी येईपर्यंत तो कांहीं बोलला नाहीं.

पाइप आतां पुन्हां कपाटांत आहे. कारागिराचा निरोप आम्हीं काकूंस दोनदां सांगितला. शनिवारचें खोबरेल मात्र अजून चालूच आहे.