तारापूर : सुरुंग ते ड्रोन

१७३९ साली चिमाजी आप्पांच्या फौजेने सुरुंग लावून तारापूरचा पोर्तुगीज तट फोडला. बाजी भिवराव तेथे कामी आले. शत्रू कोण, हे तटावरून स्पष्ट दिसत होते. त्याच तारापुरात १९६९ पासून अणुविद्युत केंद्र आहे, आणि समोर तोच अरबी समुद्र. २३ डिसेंबर २०२३ रोजी गुजरातच्या किनाऱ्यापासून सुमारे २०० सागरी मैलांवर 'केम प्लुटो' या टँकरवर ड्रोन आदळले. अमेरिकेने इराणला जबाबदार धरले. इराणने इन्कार केला. इराणी बनावटीची ड्रोन आज रशियापाशी आहेत, येमेनच्या हुथींपाशीही आहेत. म्हणजे बनावट ओळखली तरी सोडणारा हात ओळखता येतोच असे नाही. बोईसर-पालघरच्या आम्हा रहिवाशांना ड्रोनच्या निर्यातीतील हीच गोष्ट अस्वस्थ करते: प्रहार झालाच, तर उत्तर कोणाला द्यायचे?