पेन्सिलीच्या खुणा

वाईला आमच्या लहानपणी, म्हणजे १९७०च्या आसपास, वाचनालयातून मुलांना एका वेळी एकच पुस्तक मिळायचं. म्हणून आम्ही चौघांनी तोडगा काढला होता. ज्याच्या नावावर पुस्तक, त्यानं ते दोन दिवसांत संपवायचं आणि पुढच्याच्या हवाली करायचं. चौघांचं वाचून झालं की शनिवारी संध्याकाळी गणपती घाटावर बसून त्यावर बोलायचं. बोलायचं कसलं, भांडायचंच.

त्या काळात आम्हाला नाथमाधवांनी झपाटलं होतं. ‘वीरधवल’, ‘सावळ्या तांडेल’ आणि स्वराज्याच्या स्थापनेपासून पुढे चालत जाणारी ती कादंबऱ्यांची मालिका. आमच्यातल्या एकानंही तेव्हा समुद्र पाहिला नव्हता. तांडेल म्हणजे गलबतावरच्या खलाशांचा म्होरक्या, हेसुद्धा मास्तरांना विचारून कळलं. पण घाटाच्या पायऱ्या म्हणजे गलबताची नाळ आणि कृष्णेचं पात्र म्हणजे दर्या, हे ठरवायला आम्हाला कुणाची परवानगी लागली नाही.

वाचनालयाच्या त्या प्रती अजून हाताला आठवतात. खाकी पुठ्ठ्याची बांधणी, पाठीवर शाईनं घातलेला दाखल क्रमांक, खळीचा वास आणि कोपऱ्यात पिवळी पडून तुकडे पडणारी पानं. ‘वीरधवल’ची शेवटची पानं गळालेली होती. गोष्ट ऐन रंगात आली असताना एकदम पुठ्ठाच लागायचा. चौघांनी चार शेवट रचले. माझा शेवट मला इतका पटला होता की पुढे आजोळी धड प्रत मिळाली तेव्हा खरा शेवट वाचून मी हिरमुसलो.

पानांच्या समासात पेन्सिलीच्या खुणा असायच्या. आमच्या आधी कुणी तरी ते पुस्तक वाचलं होतं आणि त्याला गप्प बसवलं नव्हतं. कुठे ‘सावध!’, कुठे ‘शाब्बास’, एका जागी नुसत्या तीन उभ्या रेघा. ग्रंथपाल अशा खुणांवर फार चिडायचे. आम्हाला मात्र तो अनोळखी मुलगा आमच्यातला पाचवा वाटायचा.

लेखकाबद्दल आम्हाला काहीही माहीत नव्हतं. नाथमाधव, एवढंच. आडनाव नाही, छायाचित्र नाही, आमच्या प्रतींत परिचयाच्या दोन ओळीही नाहीत. मला वाटायचं, हे कुणी नाथपंथी साधू असावेत. माझा मित्र मात्र ठामपणे सांगायचा की हा माणूस स्वतः पट्टीचा घोडेस्वार असणार. कडे चढल्याशिवाय, तटावरून उडी मारल्याशिवाय असं लिहिताच येणार नाही. ते आम्हा सगळ्यांना पटलं होतं.

परवा माझ्या नातीनं हा भ्रम पाच मिनिटांत मोडला. ती तेरा वर्षांची आहे. पुण्यात इंग्रजी माध्यमात शिकते आणि मराठी जरा अडखळत वाचते. मी तिला ‘वीरधवल’बद्दल सांगत होतो, तर तिनं आधी फोनवर लेखक शोधला. आजची मुलं तसंच करतात. पुस्तक उघडण्याआधी त्यांना माणूस बघायचा असतो. वाचता वाचता ती थांबली. “आजोबा, यांना चालता येत नव्हतं?”

द्वारकानाथ माधव पितळे. जन्म १८८२, मुंबईचा. शिकारीला म्हणून सिंहगडावर गेले असताना ते कड्यावरून कोसळले. जीव वाचला, पण कमरेखालचं शरीर कायमचं लुळं पडलं. लेखक नाथमाधव घडले ते त्यानंतर. १९२८ साली गेले तेव्हा वय अवघं ४६.

मला काही बोलता येईना. पन्नासहून अधिक वर्षं मी या माणसाला ओळखतो असं समजत होतो. त्या रात्री घरची जुनी प्रत काढून बसलो. जिथे जिथे कुणी धावतं, चढतं, झेप घेतं, तिथे डोळे अडकू लागले. आम्ही ज्याला घोडेस्वार समजत होतो, त्याला उठून खिडकीपर्यंतही जाता येत नव्हतं. आणि ज्या गडानं त्याचे पाय नेले, त्या गडांच्या मुलखातच तो पुढे लेखणी घेऊन हिंडत राहिला. हे मला वाईत, घाटावर, बाराव्या वर्षी कळायला हवं होतं. आम्ही भांडलो असतो ते निराळंच भांडलो असतो.

आमच्याही आधीच्या पिढीचं मला नवल वाटतं. हरिभाऊ आपट्यांचा ‘उषःकाल’ ‘करमणूक’ या साप्ताहिकातून क्रमशः यायचा. पुढचा मजकूर हाती पडेपर्यंत त्या मुलांनी दिवस कसे काढले असतील! पुढे गोनीदांच्या काळात तर लेखक जिताजागता समोर होता. तळेगाव दाभाड्याला राहणारा, राजगड आणि राजमाचीवर जीव टाकणारा. ‘झुंजार माची’ आणि ‘दर्याभवानी’ वाचून मुलं गडाची वाट धरायची. त्यांच्यामागून गड चढलेले लोक आज सत्तरी ओलांडून गेलेत, पण त्या वाटांबद्दल बोलू लागले की त्यांचा आवाज अजून बदलतो. आम्हा वाईच्या पोरांना ते भाग्य लाभलं नाही.

नातीला नाथमाधव मिळाले ते पडद्यावर. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं झाली की हक्क संपतो, त्यामुळे ही जुनी पुस्तकं आता कुणालाही फुकट उतरवून घेता येतात. तिची प्रत कुठल्या तरी वाचनालयातल्या पुस्तकाची छायाप्रत होती. पहिल्या पानावर पुसट गोल शिक्का, आणि मधेच एका समासात कुणाची तरी पेन्सिलीची रेघ. तिनं ती बोटांनी मोठी करून पाहिली. “ही कुणी काढली?” मी तिला आमच्या पाचव्या मित्राची गोष्ट सांगितली. तिला चौघांत वाचणं माहीत नाही. तिच्या मैत्रिणींपैकी कुणी हे वाचत नाही. ती एकटी वाचते, मोठ्यानं, शब्द अडला की मला हाक मारते. याचं मला वाईट वाटतं आणि ते मी लपवत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत तिनं हट्ट धरला, म्हणून सिंहगडावर गेलो. आता गाडी थेट वरपर्यंत जाते. वाहनतळापासून पिठलं-भाकरी आणि मडक्यातल्या दह्याच्या हाका सुरू होतात. आमच्या वेळी एसटीनं पायथ्याला उतरून चढायचो, तेव्हा पुणे दरवाजा दिसेपर्यंत पाय भरून यायचे. तानाजींच्या समाधीपाशी ती थांबली, नमस्कार केला. मग मला विचारत राहिली, “नाथमाधव कुठून पडले?” नेमकी जागा मला दाखवता आली नाही. ती कड्याच्या कठड्याला धरून बराच वेळ खाली पाहत उभी होती. वारा जोरात होता. मी तिच्या दप्तराचा पट्टा घट्ट पकडून ठेवला होता.

घरी आल्यावर तिनं फोन बाजूला ठेवला आणि माझी जुनी छापील प्रत मागितली. चाळत चाळत एका पानावर थांबली.

“आजोबा, पेन्सिल आहे?”

मी उठून आणून दिली.