शांतिपथावर चाणक्य

दिल्लीच्या चाणक्यपुरीत मला इमारतींपेक्षा नावांचेच अधिक नवल वाटते. १९५० नंतरच्या दशकात परदेशी वकिलातींसाठी ही वसाहत वसली. तिला नाव मिळाले चाणक्याचे. शेजारचा राजा हा स्वभावतःच शत्रू, असे मानणाऱ्याचे. आणि रस्ते? शांतिपथ, न्यायमार्ग, सत्यमार्ग, पंचशीलमार्ग! जणू चाणक्याला कुणी बुद्धविहारात बिऱ्हाड दिले.

१९५४ साली चीनशी पंचशील करार झाला. १९६२ साली त्याच चीनशी युद्ध. मग या पाट्या खोट्याच म्हणायच्या का? मला तसे वाटत नाही. युद्धानंतरही दिल्लीतली चिनी वकिलात उठली नाही. राजदूत नव्हता, पण दार बंद झाले नव्हते. १९७६ साली राजदूत पुन्हा आला. पाकिस्तानशी १९७१ साली तुटलेले संबंधही १९७६ सालीच जुळले. आज दोघांच्याही वकिलाती याच शांतिपथावर आहेत.

मित्राशी बोलणे सोपे असते. ज्याच्याशी भांडण आहे, त्याच्यासाठीच दार उघडे ठेवावे लागते. युद्ध आणि तह यांत लाभ सारखाच असेल तर तह करावा, असे खुद्द चाणक्यच ‘अर्थशास्त्रा’त सांगतो. तेव्हा त्याचे बिऱ्हाड योग्य पत्त्यावरच पडले म्हणायचे!