आपल्या घरातला गोन्सालो

संत गोन्सालो गार्सिया हे आपल्या वसईचे सुपुत्र, याचा आपणा सर्वांना सार्थ अभिमान आहे. त्यांच्या नावाचे चर्च आपल्याकडे आहे, महाविद्यालय आहे. मात्र त्यांचे चरित्र मन लावून वाचू लागले की हा अभिमान थोडा अवघड होऊन बसतो.

१५५७ च्या सुमारास जन्मलेला हा मुलगा येशूसंघीय धर्मगुरूंच्या सहवासात वाढला आणि तरुणपणी जपानला गेला. तेथील भाषा त्याने आत्मसात केली. पुढे तो व्यापारात पडला, व्यापारात त्याचा जमही बसला. तो बसलेला जम मोडून मनिला येथे तो फ्रान्सिस्कन संघात गेला, तोही गुरुदीक्षा नसलेला साधा धर्मबंधू म्हणून! १५९३ साली फादर पेद्रो बाप्तिस्ता यांचा दुभाषी होऊन तो पुन्हा जपानला गेला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर पंचवीस सोबत्यांसह क्रूसावर हुतात्मा झाला. १८६२ साली ख्रिस्तसभेने त्या सर्वांना संतपद बहाल केले.

देवाला त्याने दिले ते उरलेसुरले नव्हे, हाती आलेले दिले. नेमके हेच आपल्याला जड जाते. पाचारणे वाढावीत म्हणून आपण दर रविवारी प्रार्थना करतो. पण ते पाचारण शेजारच्या घरी यावे, अशी मनातल्या मनात सवलतही मागून घेतो.

माझ्या पुतणीने परिचारिकेची चांगली नोकरी सोडून धर्मभगिनी होण्याचा निर्णय सांगितला, तेव्हा वहिनींनी दोन दिवस अन्न घेतले नाही. "देवाची सेवा घरी राहून होत नाही का गं?" हा त्यांचा प्रश्न होता. पुतणी शांतपणे म्हणाली, "होते ना आई. पण मला जिथे बोलावलंय ते आपलं घर नाही."

देवावर सर्वांआधी प्रेम करायचे म्हणजे आईवरचे प्रेम कमी करायचे, असे नाही. पहिले स्थान देवाला दिले की बाकीची प्रेमे आपापल्या जागी नीट बसतात, एवढेच. आणि प्रेषितकार्याची तळमळ म्हणजे मोठ्या आवाजातले प्रवचनही नव्हे. गोन्सालोंनी आधी परक्यांची भाषा शिकून घेतली. दुसऱ्यांचे बोलणे इमानाने पोहोचवणे, हेच त्यांचे काम होते.

पुतणी आता तलासरीकडील आदिवासी पाड्यांवर आजाऱ्यांची सेवा करते, तिथली बोली शिकते. रविवारच्या मिस्सानंतर तिचा फोन येतो. पूर्वी वहिनी एकच विचारीत, "जेवलीस का?" गेल्या हिवाळ्यात त्यांनी विचारले, "तिथल्या पोरांना अंगावर घालायला काही आहे का गं?" आणि त्याच आठवड्यात घरोघर फिरून त्यांनी स्वेटरांचे एक मोठे गाठोडे बांधले.