लोक बघतात! – बीजिंगच्या बागेतील एक सकाळ

२०१९ सालच्या ऑक्टोबर महिन्याच्या अखेरीस मी आणि माझी पत्नी एका सहल कंपनीबरोबर चीनला जाऊन आलो. कारकुनाने परदेशवारी केली म्हटल्यावर नातेवाईक आधी आकडा विचारतात आणि मग देश. तेव्हा सांगून टाकतो, निम्मे पैसे पतपेढीच्या कर्जाचे आणि निम्मे आम्हा दोघांच्या दोन वर्षांच्या शिलकीचे होते. पत्नी एका दवाखान्यात आया आहे. वीस वर्षे उभ्याने ड्यूटी केल्यामुळे तिचे गुडघे दुखतात. चीनची ती प्रसिद्ध भिंत पाहताना ती पन्नास पायऱ्या चढली आणि खाली बसून राहिली. “तुम्ही जाऊन या, मी इथून बघते,” म्हणाली. हे आधी सांगण्याचे कारण पुढे कळेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला आमची बस ‘तिआन तान’च्या पूर्व दरवाजाशी थांबली. इंग्रजीत या ठिकाणाला ‘टेंपल ऑफ हेवन’ म्हणतात. मिंग घराण्याच्या युंगलो नावाच्या सम्राटाच्या काळात, १४२० साली, हे पूजास्थान बांधून झाले. पीकपाणी चांगले यावे म्हणून सम्राट येथे येऊन आकाशाची पूजा करी. सामान्य माणसाला आत पाऊल ठेवता येत नसे. इतकेच नव्हे, सम्राटाची मिरवणूक निघाली की वाटेवरच्या घरांनी दारे-खिडक्या लावून गप्प बसायचे. मिरवणूक डोळ्यांनी पाहणेही मना होते. ज्यांच्या शेतात पीक यायचे त्यांनाच पूजा पाहण्याची बंदी, असा हा कारभार जवळजवळ पाचशे वर्षे चालला. पुढे राजेशाही गेली आणि १९१८ साली ही जागा सर्वांसाठी बाग म्हणून खुली झाली. बाग तरी केवढी! सुमारे २७३ हेक्टर, म्हणजे पावणेसातशे एकर. आपल्या दादरच्या शिवाजी पार्कसारखी वीसहून अधिक मैदाने तीत मावतील. आत शेकडो वर्षांची सुरूच्या जातीची झाडे रांगेने उभी आहेत.

सार्वजनिक जागा नावाला सगळ्यांची असणे आणि तिथे निर्धास्त उभे राहता येणे, यांत किती अंतर असते हे आपल्या लोकांना मी सांगायची गरज नाही. म्हणूनच त्या झाडांखाली जे पाहिले ते मनात घर करून राहिले.

दरवाजातून आत गेलो तर जिकडे तिकडे म्हातारी माणसे. कोणी पायाने पिसांचे फूल उडवून झेलत होते. कोणी टाळ्या वाजवत उलटे चालत होते. एक गृहस्थ मोठा ब्रश पाण्यात बुडवून फरशीवर सुंदर अक्षरे काढत होते. पहिली ओळ वाळून जाई तोवर त्यांची तिसरी ओळ चालू असे. आणि झाडांच्या मधल्या मोकळ्या जागेत वीस-पंचवीस माणसे ताई ची करीत होती. जाड स्वेटर, कापडी बूट, कोणाची भाजीची पिशवी झाडाच्या बुंध्याशी टेकवलेली. तोंडाने कोणी आकडे मोजत नव्हते. सगळ्यांचे हात एकदम वर येत, एकदम खाली जात, जणू पाण्याखाली चालल्यासारखे.

पर्यटक ठिकठिकाणी उभे राहून फोटो काढत होते. आमच्या टूर मॅनेजरने चाळीस मिनिटे मोकळी दिली. आमच्यातली बरीच मंडळी मुख्य मंदिराकडे गेली. ती निळ्या कौलांची, एकावर एक तीन छपरांची गोल इमारत खरोखर देखणी आहे. १८८९ साली वीज पडून ती जळाली आणि पुन्हा तशीच बांधली गेली. मीही निघालो होतो. मागे वळून पाहतो तर पत्नी जागची हललेली नाही.

थोड्या वेळाने ती त्या लोकांच्या शेवटच्या रांगेमागे जाऊन उभी राहिली. साडी, वर लोकरीचा स्वेटर, पायात मुलाचे जुने स्पोर्ट्सचे बूट. पदर खोचला आणि समोरच्या आजीबाईंचे पाहून पाहून हात हलवू लागली.

माझ्या पोटात गोळा आला. आमच्या ग्रुपमधल्या एका गृहस्थांनी मोबाईल काढला आणि मोठ्याने म्हणाले, “काय हो साहेब, वहिनी कुंग फू शिकतात वाटतं!” दोघे-तिघे हसले. मीही हसलो, ते अधिक वाईट. मग झपझप तिच्याजवळ गेलो आणि हळूच म्हणालो, “अगं, चल. लोक बघतायत.”

तिने हात न थांबवता इकडेतिकडे पाहिले. “कोण बघतंय? मला तर तुम्हीच दिसताय.”

मी पाहिले. खरोखर तिथल्या एकाही माणसाचे तिच्याकडे लक्ष नव्हते. एका बाईने मघाशी साडीचा काठ निरखून पाहिला होता तेवढाच. पाण्याने लिहिणारा लिहीत होता, उलटा चालणारा चालत होता. बघणारे होते ते आम्ही बसमधून उतरलेले. आणि लाजणारा होतो तो मी एकटा. सभा-संमेलनांत स्त्रियांच्या मोकळेपणावर बोलणारा माणूस मी, पण माझ्याच बायकोने उघड्यावर हात पसरले तर मला तोंड लपवावेसे वाटले.

तेवढ्यात पुढच्या आजीबाई मागे वळल्या. सत्तरीच्या पुढच्या असाव्यात. भाषेचा प्रश्नच नव्हता. त्यांनी पत्नीच्या वाकलेल्या गुडघ्याकडे बोट दाखवले, मग तिच्या पायाच्या बोटांकडे. गुडघा आत झुकत होता, तो बोटांच्या दिशेला हवा, इतकेच सांगणे. स्वतः टाच आधी टेकवून, मग तळवा, मग हळूहळू सगळा भार त्या पायावर असे करून दाखवले. दोन वेळा, तीन वेळा. चौथ्यांदा बरोबर जमले तेव्हा मान हलवली आणि पुन्हा आपल्या जागी गेल्या. हातांची गोल हालचाल आली तेव्हा पत्नी मला म्हणाली, “हे तर आमच्या आईच्या जात्यासारखं आहे. दळताना अख्खं अंग असंच फिरायचं.” त्या हालचालीला चिनी भाषेत ‘ढगांसारखे हात’ म्हणतात, हे मला पुढे कळले.

परत आल्यावर मी या विद्येची माहिती काढली. आपल्याकडे पुष्कळांना वाटते की चीनचा व्यायाम म्हणजे बौद्ध भिक्षूंचा. ताई चीचे तसे नाही. तिच्यामागचा विचार चीनच्या ताओ परंपरेतला, दोन विरुद्ध गोष्टींचा तोल साधण्याचा. हेनान प्रांतातल्या चेन नावाच्या घराण्यात सतराव्या शतकापासून ही लढण्याची कला म्हणून चालत आली. त्या घराण्याबाहेरच्या यांग लुचान (१७९९–१८७२) यांनी ती शिकून बीजिंगमध्ये आणली. पुढे त्यांचे नातू यांग चेंगफू यांनी ती संथ आणि सर्वांना झेपेल अशी करून शिकवली. १९५६ साली चीनच्या सरकारी क्रीडा खात्याने लांबलचक क्रमातून २४ हालचालींचा सोपा क्रम बसवला. तो पाच-सहा मिनिटांत पुरा होतो. त्यातल्या हालचालींची नावे गमतीची आहेत. रानघोड्याची आयाळ दुभागणे, पांढऱ्या क्रौंचाने पंख पसरणे, कोंबड्याने एका पायावर उभे राहणे. २०२० साली युनेस्कोने ताई चीचा मानवजातीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

पण बागेतला तो निर्धास्तपणा त्या लोकांना फुकट मिळालेला नाही. १९६६ ते १९७६ या सांस्कृतिक क्रांतीच्या काळात जुन्या विद्यांवर घाला आला. अनेक जुन्या शिक्षकांचा छळ झाला. उघड्यावर हात फिरवणे म्हणजे संशय ओढवून घेणे होते. १९७८ साली तंग श्याओफिंग यांनी ‘ताई ची चांगली आहे’ असे स्वहस्ते लिहून दिले आणि वारे फिरल्याचे सर्वांना कळले. पुढे १९९९ साली फालुन गोंग या पंथावर बंदी आली. त्या पंथाचे लोकही बागांत एकत्र जमूनच व्यायाम करीत. त्यामुळे बागेत जमून श्वासाचे व्यायाम करणाऱ्या इतर मंडळांवरही नजर आली. ताई ची मात्र चालू राहिली. अलीकडे तिथे तक्रारी होतात त्या चौकात कर्णे लावून नाचणाऱ्या बायकांबद्दल. २०२२ सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या कायद्यात त्यावरही तरतूद झाली. ताई चीला कर्णा लागत नाही. शेजाऱ्याची झोप मोडत नाही, म्हणून शेजारी बघतही नाही. शिवाय रोज तीच माणसे, त्याच झाडाखाली, वर्षानुवर्षे. बघणाऱ्यांची नजर सवयीने निवते.

आमच्या मैदानात ती निवायला किती दिवस लागले, ते आता सांगतो.

भाच्याने मोबाईलवर २४ हालचालींचा व्हिडिओ लावून दिला. नोव्हेंबरपासून पत्नी पहाटे साडेपाचला आमच्या वसाहतीच्या मैदानात जाऊ लागली. तिथे पहाटे मुले क्रिकेट खेळतात, पुरुष फेऱ्या मारतात, तालमीतली पोरे बैठका काढतात. त्यांच्याकडे कोणी बघत नाही. पण चाळिशीची बाई हळूहळू हात फिरवते म्हटल्यावर सगळे मैदान थांबले. मुलांनी नकला केल्या. कोणीतरी चित्रण करून वसाहतीच्या ग्रुपवर टाकले. एका आजोबांनी मला वाटेत गाठून काळजीने विचारले, “काय रे, सूनबाईच्या अंगातबिंगात येतं का?” ज्या वस्तीने अंगात येणे, उतारे काढणे कधीच सोडले, तिथला हा प्रश्न! एका बाईने घरी येऊन सांगितले, “व्यायाम करायचा तर दार लावून करावा.” नाव ऐकल्यावर तर पोरांना आयतेच सापडले. “ताईची म्हणजे कोणाच्या ताईची?” असे ओरडायचे.

तिने काय केले? रोज गेली. मी मात्र पहिले पंधरा दिवस खिडकीतून पाहत होतो. सोळाव्या दिवशी खाली उतरलो. तिच्या शेजारी उभे राहायची हिंमत झाली नाही, तेव्हा मैदानाला फेऱ्या मारल्या. महिनाभराने तिच्या मागे उभा राहिलो. नवरा-बायको दोघे मिळून करतात म्हटल्यावर निम्मी कुजबुज थांबली. याचे श्रेय मला मिळाले, पण ते माझे नाही. पुरुष शेजारी उभा राहिला की बाईचे वेडेपण व्यायाम ठरते, एवढाच त्याचा अर्थ.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि मैदान बंद झाले. चाळीच्या गॅलरीत आडवी पावले टाकायला जागा नाही, म्हणून ती एका जागी उभी राहून फक्त ‘ढगांचे हात’ करी. त्या दिवसांत चीन म्हटले की लोकांच्या कपाळाला आठी पडत असे. जूनमध्ये गलवान खोऱ्यात आपले २० जवान शहीद झाले. दुसऱ्या दिवशी समोरच्या गॅलरीतून एकाने सुनावले, “अजून चिनी नाच चालूच आहे का?” त्या जवानांसाठी आमचे घरही त्या दिवशी सुन्न होते. मी म्हणालो, “काही दिवस बंद ठेव.” तिने चार दिवस ठेवला. पाचव्या दिवशी पुन्हा उभी राहिली आणि समोरच्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “गुडघा माझा आहे दादा, चीनचा नाही.” तो काही बोलला नाही. त्याची आईही गुडघ्यांनी बेजार होती.

आज मैदानाच्या कोपऱ्यात कडुनिंबाखाली सात बायका आणि आम्ही दोन पुरुष असतो. त्या बायका याला ‘ताईचा व्यायाम’ म्हणतात, आणि ताई म्हणजे माझी पत्नी. समोरच्या गॅलरीतली ती आईही येते. सुरुवातीला खुर्ची धरून करायची, आता नुसतीच करते. मुले क्रिकेट खेळतात. चेंडू आला तर आम्ही परत टाकतो. कोणी बघत नाही.

पत्नीचे गुडघे पूर्ण बरे झाले असे मी लिहिणार नाही. जिन्याच्या शेवटच्या मजल्यावर अजून कळ येते. पण पूर्वी ती कठडा धरून उतरायची, तशी आता उतरत नाही. ताई चीने वयस्क माणसांचा तोल सुधारतो आणि पडण्याचे प्रमाण कमी होते, असे वैद्यकीय पाहण्यांतून दिसले आहे. त्यापलीकडे सर्व रोग बरे करण्याचा दावा कोणी केला तर विश्वास ठेवू नये. ज्यांचे गुडघे फार दुखतात त्यांनी आधी डॉक्टरांना दाखवावे, खाली फार वाकू नये, आणि गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेला ठेवावा. हा शेवटचा धडा बीजिंगच्या त्या आजीबाईंचा, फी न घेता दिलेला.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या घरातली आई, बहीण, पत्नी उद्या मैदानात उतरली तर लोक बघतील. बघू द्यावे. फक्त त्या लोकांत आपण नसावे.